एकाच काट्यावर मोजा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात नागपूरच्या एका दवाखान्यात माझ्या आधीच्या नंबरावर महागावकडची एक बाई होती. चाळिशीच्या आतबाहेरची, गळ्यावर माझ्यासारखाच आडवा व्रण, मांडीवर कपाशीच्या बियाण्याची कापडी थैली. पुढचा नंबर माझाच असल्यानं मी दाराशीच बसले होते. तिनं थैलीतून चार रिपोर्ट काढून टेबलावर ठेवले, थायरॉइडच्या कॅन्सरनंतर दर काही महिन्यांनी करायच्या टीजी नावाच्या रक्ततपासणीचे. एक पुसदचा, एक यवतमाळचा, एक नांदेडचा आणि एक तिथलाच. डॉक्टरांनी चारही कागद पुढंमागं करून पाहिले आणि म्हणाले, "ताई, हे चार ठिकाणचे चार आकडे आहेत. आजार वाढला की कमी झाला, हे यावरून मला सांगता यायचं नाही." ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मंग माये पैसे वाया गेले का जी?"

त्या प्रश्नासाठी हे पत्र लिहिते आहे.

मी आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. २०१८ च्या दिवाळीत माझी काळी पोत गळ्यात नीट बसेना. मधले मणी सारखे एका बाजूला सरकायचे. दोरा वाकडा झाला असेल म्हणून मी ती पुन्हा ओवून घेतली, तरी तेच. शेवटी आमच्या एएनएम, म्हणजे नर्सताईंनी मला पाण्याचा घोट घ्यायला लावला, आणि गिळताना वरखाली होणारी गाठ त्यांच्या बोटाला लागली. पुढं सुईची तपासणी आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये नागपूरला ऑपरेशन. थायरॉइडची ग्रंथी पूर्ण काढली. पॅपिलरी जातीचा कॅन्सर निघाला. थायरॉइडच्या कॅन्सरांत हाच सगळ्यांत जास्त आढळतो आणि चांगला बराही होतो. "व्हायचाच असेल तर हा बरा," असं मला तीन जणांनी सांगितलं. सांगणाऱ्यांच्या गळ्याला टाके नव्हते.

मे महिन्यात रेडिओॲक्टिव्ह आयोडीनचा डोस ठरला. त्याआधी चार आठवडे, ग्रंथी काढल्यावर रोज घ्यायची थायरॉइडची गोळी बंद आणि दोन आठवडे आयोडीनचं मीठ बंद. गोळी बंद झाली की शरीराची भट्टीच विझते. बाहेर यवतमाळचं ऊन, घरात कूलर, आणि मी सासूबाईंना रजई मागत होते. डोस घेतल्यावर दवाखान्यात वेगळ्या खोलीत राहिले. घरी आल्यावरही लहान मुलांच्या आणि गरोदर बायांच्या जवळ जायचं नाही, असं बजावलं होतं. अंगणवाडीच्या बाईला आणखी कोणापासून दूर ठेवणार? पोरं कुंपणाबाहेर उभी राहून हाका मारायची आणि मी आतून हात हलवायची.

एवढं सगळं करून सुट्टी झाली, तेव्हा कागदाच्या खाली इंग्रजीत एक ओळ होती. दर सहा महिन्यांनी टीजी, अँटी-टीजी, टीएसएच. एवढंच. मीठ किती दिवस बंद हे समजावून सांगायला नर्सनं अर्धा तास दिला होता. जी गोष्ट आयुष्यभर करायची, तिला एक ओळ.

ती ओळ उलगडायला मला तीन-चार वर्षं लागली. टीजी म्हणजे थायरोग्लोब्युलिन. हे प्रथिन शरीरात फक्त थायरॉइडच्या पेशी तयार करतात. ग्रंथी पूर्ण काढली आणि उरलीसुरली आयोडीननं जाळली की रक्तातलं हे प्रथिन जवळजवळ शून्यावर यायला हवं. नंतर ते चढू लागलं, तर कुठंतरी थायरॉइडच्या पेशी जाग्या आहेत असं समजायचं. पॅपिलरी आणि फॉलिक्युलर कॅन्सरच्या पेशी बहुधा मूळ ग्रंथीचा हा गुण सोडत नाहीत, म्हणून त्यांचा माग रक्तातून लागतो. मोजमाप नॅनोग्रॅममध्ये. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक. आम्ही पोरांचं वजन ग्रॅममध्ये घेतो, तरी काटा जरा हलला की पुन्हा घेतो. इथं तर शंभर कोटीतला भाग मोजायचा आहे, आणि आपण मात्र जी लॅब रस्त्यात पडेल तिथं हात पुढं करतो.

माझ्या कामातली गोष्ट सांगते. मूल दहा किलोचं आहे म्हटल्यानं काही कळत नाही. ते दोन वर्षांचं की चार वर्षांचं, हे आधी कळायला हवं. शिवाय मागच्या महिन्यात किती होतं, त्याच्या आधी किती होतं, ते तक्त्यावर मांडून रेघ ओढली की चित्र दिसतं. रेघ वर चालली तर बाळ बारीक दिसलं तरी मी निवांत असते. रेघ आडवी झाली की गुबगुबीत बाळाच्या आईलाही मी बोलावणं धाडते. आणि सगळी वजनं एकाच काट्यावरची लागतात. एकदा आमचा काटा बिघडला म्हणून शेजारच्या गावचा आणला, तर एका दिवसात पाच पोरांचं वजन पावपाव किलोनं घटलं. पर्यवेक्षिकाबाईंचा फोन आला, आया रडकुंडीला आल्या. पोरं मात्र धडधाकट होती, अंगणात मातीत लोळत होती.

हेच माझ्या रक्ताच्या बाबतीत झालं. डोसानंतरचा माझा पहिला टीजी ०.४ आला, पुढचा ०.३. डॉक्टर म्हणाले, अगदी शून्य नाही, पण असाच राहिला तर चिंता नाही. मग २०२० चा उन्हाळा आला. एसटी बंद. नागपूरला जायचं कसं? मी यवतमाळच्या एका लॅबमध्ये रक्त दिलं. आकडा आला ०.७. दुपटीहून जास्त. कागदावर कोणी काही लिहिलेलं नव्हतं, फक्त आकडा. फोनवर डॉक्टर म्हणाले, "ताई, यंत्र वेगळं असेल. घाबरू नका, गाड्या सुरू झाल्या की आमच्याकडं पुन्हा करू." घाबरू नका म्हणणं सोपं असतं. अडीच महिने मी घरोघर करोनाचा सर्व्हे करत फिरले आणि रात्री छताकडं बघत पडले. एका रात्री उठून मुलीच्या लग्नाचं सोनं वेगळ्या फडक्यात बांधलं, गाठीवर तिचं नाव लिहिलेली चिठ्ठी खोचली, आणि फडकं कोठीत तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. ऑगस्टअखेर गाड्या सुरू झाल्यावर नागपूरच्या जुन्या लॅबमध्ये रक्त दिलं. ०.३. ती चिठ्ठी मी अजून फाडलेली नाही, का ते सांगता येणार नाही.

यवतमाळच्या लॅबनं चूक केली, असं माझं म्हणणं नाही. त्यांच्या यंत्राला जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. निरनिराळ्या कंपन्यांच्या तपासण्या हेच प्रथिन थोड्या निरनिराळ्या रीतीनं ओळखतात, त्यामुळं एकाच रक्ताचे दोन ठिकाणी दोन आकडे येतात. म्हणून रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली पद्धत वाचायची. केमिल्युमिनेसन्स की इलेक्ट्रोकेमिल्युमिनेसन्स, असं तिथं लिहिलेलं असतं. लॅब तीच राहिली तरी कधी तिथलं यंत्र बदलतं, म्हणून दर खेपेला विचारायचं. मी विचारते. काउंटरवरचा पोरगा आधी चमत्कारिक बघायचा, आता मी दिसले की स्वतःच सांगतो, "मावशी, मशीन तेच आहे."

दुसरी गोष्ट टीएसएचची. हा मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम. तो चढला की थायरॉइडच्या पेशी, चांगल्या असोत की वाईट, जोरात कामाला लागतात आणि टीजी वाढतो. म्हणून टीजीशेजारी टीएसएच नसेल, तर आकडा अर्धाच वाचल्यासारखं होतं. २०२१ मध्ये माझा टीजी ०.६ आला, लॅब तीच. टीएसएच पाहिला तर ७, खरं म्हणजे तो ०.५ च्या खाली ठेवायचा होता. गुन्हेगार घरातच सापडला. ऑपरेशननंतर बोटांना मुंग्या यायच्या म्हणून मला कॅल्शियम चालू होतं, आणि सासूबाई मायेनं सकाळी दोन्ही गोळ्या एकाच तळहातावर ठेवून चहाबरोबर द्यायच्या. कॅल्शियम थायरॉइडच्या गोळीला अंगी लागू देत नाही, आणि गोळी कमी पडली की टीएसएच चढतो. दोन्हींत चार तासांचं अंतर लागतं. आता सकाळी उठल्याउठल्या थायरॉइडची गोळी, अर्ध्या-पाऊण तासानं चहा, आणि कॅल्शियम जेवणानंतर. दोन महिन्यांनी टीजी आपल्या जागी आला. सासूबाईंना कितीतरी दिवस वाईट वाटत होतं. "मले कोनं सांगतलं काऊन नाही?" म्हणाल्या. खरंच, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या गोष्टीत मात्र मीच गुन्हेगार. २०२३ मध्ये केस फार गळू लागले. वेणी घालताना मूठभर हातात यायचे. मेडिकलवाल्यानं केसांच्या गोळ्या दिल्या, मी महिनाभर नेमानं घेतल्या. नंतर टीजी आला ०.१ पेक्षा कमी. चार वर्षांत पहिल्यांदा! रिपोर्ट मोबाइलवर आला तेव्हा मी आर्णीच्या स्टँडवर होते. तिथंच पाव किलो पेढे घेतले, घरी वाटले. डॉक्टरांकडं गेले तर त्यांच्या कपाळाला आठी. टीएसएचही जवळजवळ शून्य आला होता. गोळी जास्त झाली की तसं होतं, पण माझी गोळी तीच, नाडी शांत, हाताला थरथर नाही. "ताई, नवीन काही घेता का?" मी पर्समधून केसांच्या गोळ्यांची पट्टी काढली. ती होती बायोटिन, दहा मिलिग्रॅमची. काही यंत्रांची तपासणी ज्या रसायनांवर चालते, त्यांत बायोटिन स्वतःच वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं तर यंत्र फसतं आणि टीजी, टीएसएच दोन्ही खोटे कमी दाखवतं. ते बघून माझी थायरॉइडची गोळी कमी केली असती, तर काय झालं असतं? केसांच्या गोळ्या आठ दिवस बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं. ०.३. पेढे तोवर संपले होते.

हे सगळं माझ्या बाबतीत निस्तरलं. घाटंजीकडची माझी एक मैत्रीण आहे, वॉर्डात शेजारच्या खाटेवर होती. तिचं तेवढं सोपं नव्हतं. तिचा टीजी दोन वर्षं निरंक. आमच्या मासिक अहवालात असतो तसा निरंक. ती फोनवर मला चिडवायची, "तुझा ०.३, माझा शून्य." पण पैसे वाचवायला ती एकटा टीजीच करत होती. अँटी-टीजी म्हणजे टीजीला चिकटणारी प्रतिपिंडं. ती रक्तात असली तर बऱ्याच तपासण्यांत टीजी झाकला जातो आणि आकडा खोटा कमी येतो. अशी प्रतिपिंडं या कॅन्सरच्या दर चार-पाच रुग्णांमागे एकाकडं सापडतात. ऑपरेशनच्या वेळी ती तिच्यात होती, कागदावर होती, पण पुन्हा कुणी पाहिली नाहीत. उपचार लागू पडला तर प्रतिपिंडं वर्षं जातील तशी उतरायला हवीत. तिची दोन वर्षांनी तपासली तर चढलेली. मानेची सोनोग्राफी केली, तर कानाखाली एक गाठ. सुईनं गाठीतल्या पेशी घेतल्या आणि सुई धुतलेल्या पाण्यातला टीजी मोजला, तर तिथं तो भरपूर. रक्तात निरंक आणि गाठीत भरपूर! दुसरं ऑपरेशन झालं, आता बरी आहे. आता तिच्या वहीत टीजीपेक्षा प्रतिपिंडांच्या रकान्याला जास्त मान आहे.

हे वाचून कुणी आपणहून टीजी करायला पळू नये, म्हणून एवढंही सांगते. माझी जाऊ मला म्हणाली, "मीबी करून घेऊ का? तिकडं पॅकेजात हाय." ग्रंथी गळ्यात शाबूत असलेल्या माणसाच्या रक्तात टीजी असणारच, साध्या गलगंडानंही तो वाढतो. त्यावरून कॅन्सर आहे की नाही हे कळत नाही. अर्धी ग्रंथी काढलेल्यांनाही त्याचा उपयोग तसा थोडाच. आणि मेड्युलरी नावाचा जो वेगळा प्रकार आहे त्यात टीजी कामाचाच नाही, तिथं रक्तातले कॅल्सिटोनिन आणि सीईए हे दुसरेच दोन पदार्थ बघतात. जाऊबाईंना मी म्हटलं, ते पैसे सोनोग्राफीला ठेव, तेही गाठ लागली तर.

आता मागणी. ऑपरेशन शासकीय योजनेत झालं, खोटं कशाला सांगू, एक रुपया लागला नाही. पण पुढच्या प्रत्येक तपासणीचे पैसे माझ्या पदरचे. शिवाय यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा करत नागपूर, एक दिवस जाण्यायेण्यात आणि एक मानधन बुडण्यात. महागावची ती बाई पुसदला गेली, नांदेडला गेली, तिचं चुकलं कुठं? जिथं स्वस्त, जिथं माहेर, जिथं त्या दिवशी गाडी मिळाली तिथं गेली.

पण माणूस जाण्याची गरजच काय? रक्त जाऊ शकतं. पल्स पोलिओला आम्ही बर्फाच्या पिशव्या घातलेला लसीचा डबा खांद्याला लावून कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे पाड्यावर जातो, जिथं धड रस्ता नाही, आणि लस खराब होऊ देत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्ताच्या नळ्या रोज बाहेर जातात. मग यवतमाळात किंवा तालुक्यात रक्त काढून, ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं त्याच्याच लॅबमध्ये ते पाठवायला काय अडचण आहे? टीजीला उपाशीही राहावं लागत नाही. बाईनं सकाळी रक्त द्यावं आणि निंदणाला जावं.

आणि सुट्टीच्या कागदाबरोबर एक कार्ड द्या. गरोदर बाईला आम्ही माता-बाल संरक्षण कार्ड देतो. ते तेल लागून पिवळं होतं, घडीवर फाटतं, पण बाई ते जपते, कारण त्याच्यावर तिच्या बाळाची रेघ असते. तसंच मराठीत छापलेलं एक पान. रकाने मी माझ्या वहीत आखलेलेच सांगते: तारीख, लॅब आणि तिची पद्धत, टीएसएच, टीजी, अँटी-टीजी, गोळीचा डोस, आणि शेवटचा मोठा रकाना "सध्या आणखी काय घेता". त्या शेवटच्या रकान्यात माझ्या केसांच्या गोळ्या असत्या, तर पेढ्यांचे पैसे वाचले असते. खर्च किती? एका कागदाचा. योजनेत ऑपरेशनचे पैसे देताना पुढच्या काही वर्षांच्या या तीन तपासण्याही त्यातच धराव्यात. ऑपरेशन करून आजारावर नजर न ठेवणं म्हणजे पेरणी करून डवरणी-निंदणी सोडून देण्यासारखं आहे.

त्या दिवशी माझा नंबर झाल्यावर मी बाहेर आले, तर महागावची बाई औषधाच्या खिडकीपाशी थैली पोटाशी धरून बसली होती. मी तिच्याजवळ बसले, माझ्या वहीतलं एक कोरं पान फाडलं आणि पेननं रकाने आखून दिले. चारही रिपोर्ट तिनं पुन्हा काढले. पद्धतीचा रकाना भरताना दोघींनी मिळून बारीक अक्षरं वाचली, तिचा चष्मा मी लावून. चार ओळींत तीन वेगळ्या पद्धती निघाल्या. तिनं पानावर बोट ठेवलं, "मंग ताई, आजपासून नागपूरचाच धरू ना?"

"हाव," म्हटलं, "नागपूरचाच धर. वरचे तीन खोडू नको, पण रेघ इथून ओढ."

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. आर्णी, जि. यवतमाळ

(नाव छापू नये ही विनंती. गावात आयांना उगाच काळजी वाटते.)